इंजिन बदलले, पण मागचे काय?

जुन्या स्पोर्ट्‌स गाडीतले मूळ इंजिन उतरवून तिथे जास्त ताकदीचे इंजिन चढवणे हा शौक पूर्वी मूठभर हौशी लोकांचा होता. आज तो धंदा झाला आहे. इंग्लंड-अमेरिकेत कित्येक छोट्या वर्कशॉपांची रोजी याच एका कामावर चालते. आपल्याकडे अशा गाड्या थोड्या. पण जीपला डिझेल इंजिन बसवणे, अ‍ॅम्बॅसेडरला दुसऱ्याच गाडीचे इंजिन जोडणे ही कामे आमचे मिस्त्री वर्षानुवर्षे करीत आले आहेत. कुर्ल्यात किंवा चोर बाजारात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे, लेथवाले, वेल्डर, इंजिन बांधणारे उस्ताद यांत आपली माणसे किती आहेत, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून कापडाचा भाव आज बाजूला ठेवून आम्ही गाडीवर लिहीत आहोत.

आमची तक्रार साधी आहे. या धंद्यात इंजिन विकले जाते. जोड विकला जात नाही. गिऱ्हाईक विचारते, "किती हॉर्सपॉवरचे?" मिस्त्री आकडा सांगतो आणि सौदा होतो. त्या इंजिनाची ओढ क्लच सोसेल का, गिअरबॉक्सचे दात टिकतील का, मागच्या अ‍ॅक्सलचा हिशेब जुळतो का, ब्रेक पुरतील का, रेडिएटर पाणी थंड ठेवील का, याबद्दल दोघेही गप्प. यंत्रमागाची मोटर काढून दुप्पट ताकदीची बसवली म्हणून कापड दुप्पट निघत नाही, उलट ताण्याचे सूत तुटते, हे मालेगाव-भिवंडीत पोरालाही कळते. गाडीच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेसुद्धा हे विसरतात.

उदाहरण म्हणून आम्ही इंग्लंडची एमजीबी ही गाडी घेतो. ती १९६२ साली बाजारात आली, १९८० पर्यंत बनत राहिली आणि पाच लाखांहून जास्त खपली. (हल्ली गुजरातेत हालोलला ज्या एमजी गाड्या बनतात, त्यांचा हिच्याशी संबंध नावापुरता.) एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर निराळी बॉडी चढवून त्या विकू लागले आणि त्यातून हे नाव उभे राहिले. थोडक्यात, ज्या नावापुढे आज शौकीन मान झुकवतात ते मुळात एका गॅरेजच्या फेरफारातून जन्मले आहे. "मूळ गाडीला हात लावणे म्हणजे पाप" असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या मिस्त्रींना ही गाडी परकी वाटण्याचे कारण नाही. एमजीबीचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन बी-सीरीज नावाच्या घराण्यातले. अ‍ॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले. अ‍ॅम्बॅसेडरचे इंजिन ज्याने डोळे मिटून खोलले-बांधले आहे, त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर ओळखीचाच माणूस भेटतो. आणि या इंजिनाच्या जागी दुसरे बसवण्याचा प्रकारही आपल्याकडे खुद्द कारखान्याने केला आहे. कॉन्टेसा प्रथम १४८९ सीसीच्या त्याच इंजिनावर आली. गाडी मोठी, इंजिन लहान. चढावर तिची दमछाक होई. पुढे तिला जपानच्या इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन मिळाले आणि त्याच्यासोबत पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला. आमचा मुद्दा या सोबत आलेल्या गिअरबॉक्समध्येच आहे.

आता एमजीबीकडे वळू. गाडी दिसायला सुंदर, चालवायला हलकी, पण साठीचे दशक सरता सरता तिची ताकद कमी पडू लागली. कारखान्याने पहिला उपाय १९६७ साली केला. सहा सिलिंडरचे २९१२ सीसीचे इंजिन तिच्यात बसवले आणि गाडीला एमजीसी हे नाव दिले. हे इंजिन बिडाचे, मूळ इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोने जड. ते पुढे मावेना, म्हणून पुढचे सस्पेन्शन बदलावे लागले, बॉनेटला फुगा काढावा लागला. एवढे करूनही गाडीचे नाक जडच राहिले. वळणावर ती आडमुठेपणा करते, अशी टीका झाली आणि नऊ हजारांच्या आसपास गाड्या काढून १९६९ साली ती बंद करण्यात आली. तेच इंजिन कंपनी आपल्या एका मोठ्या ऑस्टिन गाडीतही घालत होती. कापडाच्या भाषेत सांगायचे तर दुकानात पडलेला जाड ताका खपवायचा म्हणून मलमलच्या कुडत्याला त्याचीच कॉलर लावली. ज्यांच्यापाशी नकाशे काढणारे इंजिनिअर, चाचणीचे रस्ते आणि पैसा होता, त्यांच्या हातून हे झाले.

ज्या इंजिनाने पुढे हे कोडे सोडवले, त्याची कहाणी व्यापाऱ्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने ब्यूक वगैरे गाड्यांसाठी साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन काढले. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. १९६१ ते १९६३ या तीनच वर्षांत कंपनीने ते सोडून दिले. ओतकाम महाग पडत होते, पाण्याच्या वाटा गंजण्याच्या तक्रारी येत होत्या आणि तोवर बिडाचे ओतकामही पातळ व हलके करणे जमू लागले होते. १९६४ च्या सुमारास इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे विल्यम मार्टिन-हर्स्ट दुसऱ्याच कामासाठी अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले होते. तिथे बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी कंपनीच्या वर्कशॉपात त्यांना हे इंजिन पडलेले दिसले. त्यांनी चौकशी केली. जनरल मोटर्सला ते नकोच होते. १९६५ च्या जानेवारीत हक्क रोव्हरकडे आले.

रोव्हरने नुसते हक्क घेतले नाहीत. ब्यूकमधले जो टर्ले नावाचे निवृत्तीला आलेले इंजिनिअर, ज्यांना या इंजिनाची नस न् नस ठाऊक होती, त्यांनाही इंग्लंडला आणले. कागद विकत घेता येतो. कागदावर न लिहिलेले हुनर माणसासोबतच येते. ओतण्याची पद्धतही रोव्हरने बदलली. अमेरिकेत लायनर ओततानाच ब्लॉकमध्ये धरले जात. रोव्हरने वाळूच्या साच्यात ब्लॉक ओतून लायनर मागाहून दाबून बसवायला सुरुवात केली. १९६७ पासून हे इंजिन रोव्हरच्या गाड्यांत, १९७० पासून रेंज रोव्हरमध्ये आले. मॉर्गन आणि टीव्हीआर यांसारख्या छोट्या स्पोर्ट्‌स गाड्यांनीही ते घेतले. अमेरिकेने तीन वर्षांत टाकलेला माल इंग्लंडमध्ये जवळजवळ चाळीस वर्षे चालला. चिंध्यांच्या धंद्यात पोट भरणाऱ्या आमच्या बांधवांना यात नवल वाटणार नाही.

अ‍ॅल्युमिनियममुळे हे आठ सिलिंडरचे इंजिन एमजीबीच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाच्या जवळपास वजनाचे होते. फार तर १५-२० किलो जास्त. ही गोष्ट कारखान्याच्या आधी एका माणसाने नीट ओळखली. केन कॉस्टेलो. मिनी गाड्यांच्या शर्यतीत नाव कमावलेला हा माणूस. १९७० च्या सुमारास केंट परगण्यातल्या आपल्या छोट्या वर्कशॉपात तो एमजीबीत हे इंजिन बसवून गाड्या विकू लागला. गाडीचे नाक जड झाले नाही, वळणावरची चाल बिघडली नाही आणि ताकद मात्र दीडशे हॉर्सपॉवरच्या घरात गेली. त्याच्या कामाची खबर बड्या कंपनीला लागली. ब्रिटिश लेलँड, म्हणजे ज्यांच्या मालकीची एमजी आणि रोव्हरही, त्यांनी कॉस्टेलोची गाडी मागवून तपासली आणि १५ ऑगस्ट १९७३ रोजी स्वतःची एमजीबी जीटी व्ही-एट बाजारात आणली.

या दोन्ही कामांत जोडकामाची जी बारीकी आहे तिच्यावर आम्ही थोडे थांबणार आहोत. कारागीर बंधूंनी हा भाग नीट वाचावा.

पहिली गोष्ट मागच्या अ‍ॅक्सलची. साध्या एमजीबीचा क्राऊन-पिनियन ३.९ चा. म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ चार वेळा फिरतो. लहान इंजिनाला हेच हवे, कारण त्याची ओढ कमी असते. मोठे इंजिन याच अ‍ॅक्सलवर चालवले तर गाडी सिग्नलवरून उडी मारते खरी, पण हमरस्त्यावर इंजिन विनाकारण किंचाळत राहते, पेट्रोल जळते आणि गिऱ्हाईक चार दिवसांत परत येते. कॉस्टेलोने आणि नंतर कारखान्यानेही ३.०७ चा क्राऊन-पिनियन घातला. तो कुठला? त्या फसलेल्या एमजीसीचा! शंभर किलोमीटरच्या वेगाला साध्या गाडीचे इंजिन वरच्या गिअरमध्ये मिनिटाला साडेतीन हजारांच्या जवळ फेरे घेते. या बदलानंतर त्याच वेगाला मोठे इंजिन सत्तावीसशेच्या आसपास निवांत चालते. ताकद वाढवली आणि फेरे कमी केले. आमच्या मते सगळ्या कामातली खरी अक्कल ही आहे, आणि ती बॉनेटखाली नसून मागच्या सीटखाली आहे.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. कारखान्याने एमजीचाच चार गिअरचा गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्हसह ठेवला. नव्या इंजिनाची ओढ मूळ इंजिनाच्या पावणेदोनपट होती. मूळ इंजिन ११० पौंड-फूट देई, हे १९३ देऊ लागले. सुरुवातीच्या गाड्यांत ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही गिअरवर लागत असे. एवढी ओढ तिसऱ्या गिअरमध्ये त्याला पेलवेना, म्हणून कारखान्याने तिसऱ्या गिअरवरचा ओव्हरड्राइव्ह काढून टाकला आणि फक्त चौथ्यावर ठेवला. बड्या कारखान्यालाही जोडाची हद्द अशी विकल्यानंतर कळली. आज जे लोक हे काम करतात, त्यांच्यातले शहाणे इंजिनासोबत त्याच घराण्याचा गिअरबॉक्स घेतात. रोव्हर एसडी-वन गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स थोड्या फेरफाराने एमजीबीत बसतो, आणि तो त्या इंजिनाची ओढ सोसण्यासाठीच बनलेला आहे. भंगारातून इंजिन एकीकडून आणि गिअरबॉक्स दुसरीकडून आणणाऱ्याने आधी एका टेबलावर ते दोन्ही जोडून पाहावेत. बेल हाऊसिंगचे बोल्ट जुळले म्हणजे जोड जुळला असे होत नाही. शाफ्टचे दाते, पायलट बेअरिंग, क्लचप्लेटचा व्यास, फ्लायव्हील, स्टार्टरचे दात, इतके सगळे जुळावे लागते.

मग उष्णता. आठ सिलिंडर म्हणजे जास्त उष्णता, आणि जागा तेवढीच. कारखान्याने रेडिएटर पुढे सरकवला आणि विजेचे दोन पंखे लावले. उंचीचीही पंचाईत होती. कार्बोरेटर इंजिनाच्या डोक्यावर बसले तर बॉनेट लागत नाही. कॉस्टेलोने बॉनेटला फुगा काढला. कारखान्याने निराळा मॅनिफोल्ड ओतून कार्बोरेटर मागे नेले, त्यामुळे बॉनेट साधेच राहिले. यात कोण सरस? कारखान्याची युक्ती सुबक आहे, पण तिला ओतकामाचा खर्च लागतो. छोट्या वर्कशॉपाला फुगाच परवडतो, आणि गिऱ्हाइकाला तो फुगा मिरवायलाही आवडतो. कारखान्याने पुढच्या ब्रेकच्या डिस्क जाड केल्या. तारेच्या आऱ्यांची चाके, जी या गाडीची शान, ती देण्यास चक्क नकार दिला. आऱ्या एवढी ओढ सहन करणार नाहीत म्हणून अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद जोडून बनवलेली चाके दिली. गिऱ्हाइकाच्या आवडीला "नाही" म्हणणे धंद्यात कठीण असते. इथे ते म्हटले गेले, हे आम्हाला पसंत आहे.

कारखान्याने एका बाबतीत हात आखडता घेतला. इंजिन घेतले ते रेंज रोव्हरचे, कमी कॉम्प्रेशनचे, १३७ हॉर्सपॉवरचे. कॉस्टेलोची गाडी त्यापेक्षा तिखट होती. तरीही कारखान्याच्या गाडीने ताशी दोनशे किलोमीटरचा पल्ला गाठला. पण नशीब आडवे आले. बाजारात येऊन दोन महिने होतात न होतात तोच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेलाचे भाव भडकले आणि आठ सिलिंडर हा शब्दच गिऱ्हाइकाला नकोसा झाला. अमेरिकेचा मोठा बाजार असूनही कंपनीने ही गाडी तिथे पाठवलीच नाही. १९७६ पर्यंत एकूण २५९१ गाड्या बनल्या आणि काम बंद झाले.

पण सगळा दोष तेलावर टाकणे आम्हाला पटत नाही. तीन वर्षे आधी एका वर्कशॉपवाल्याने रस्ता दाखवला होता. कंपनी तेव्हाच उठली असती, तर तेलाच्या तडाख्याआधी तिला तीन मोसम मिळाले असते. मोठ्याने छोट्याचा माल पाहावा, मान डोलवावी आणि सावकाश तोच माल आपल्या नावाने काढावा, हा प्रकार आमच्या कापड बाजारात नवा नाही. छोट्याचा जोर एकच असतो, तो म्हणजे त्याचा वेग. आणि त्याची कमजोरीही एकच: कच्चा माल मोठ्याच्या हातात. कॉस्टेलो इंजिन बसवत होता, बनवत नव्हता. इंजिन ज्याचे, त्याच्याच घरातून स्पर्धक उभा राहिला.

हीच गोष्ट दुसऱ्या एका गाडीत आणखी स्पष्ट दिसते. सनबीम टायगर. इंग्लंडच्या रूट्‌स कंपनीने आपल्या सनबीम अल्पाइन या छोट्या स्पोर्ट्‌स गाडीत १९६४ साली अमेरिकन फोर्डचे ४.२ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन घातले. सुरुवातीची जुळणी अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांच्या वर्कशॉपातली. इंजिन इतके घट्ट बसले होते की एक प्लग बदलण्यासाठी गाडीच्या आतून, पाय ठेवण्याच्या बाजूच्या पत्र्याला भोक ठेवावे लागले होते. गाडी लोकांना आवडली. पण रूट्‌स कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली आणि क्रायस्लरच्या गाडीत फोर्डचे इंजिन ठेवणे नव्या मालकाला मंजूर नव्हते. क्रायस्लरचे स्वतःचे आठ सिलिंडरचे इंजिन त्या जागेत मावेना. १९६७ साली टायगर बंद. गाडीत खोट नव्हती, गिऱ्हाईक होते, तरी धंदा बुडाला, कारण इंजिन दुसऱ्याचे होते.

म्हणून इंजिन बदलण्याचा धंदा करणाऱ्यांनी एकाच जातीच्या इंजिनावर सारे दुकान उभारू नये. माल मिळतो आहे तोवर चार इंजिने, चार गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियनचे जोड घरात ठेवावेत. क्राऊन-पिनियन विशेष करून. इंजिन सर्वांना दिसते, सगळे तेच उचलतात. भंगारवाल्याकडे डिफरेन्शियल मागे पडून राहते आणि किलोच्या भावाने जाते. ज्याला त्याच्या दात्यांचा हिशेब वाचता येतो, त्याच्यासाठी ती खाण आहे.

आता भावाचे बोलू. आमच्या मिस्त्रींची सवय अशी, की एक ठोक आकडा सांगायचा. त्यात इंजिनाची किंमत किती, जोडकाम किती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मग गिऱ्हाईक घासाघीस करते आणि मिस्त्री इंजिनाचा भाव तर कमी करू शकत नाही, म्हणून जोडकाम खातो. जुनाच क्लच चालवतो, ब्रेकला हात लावत नाही, रेडिएटर तोच ठेवतो. गाडी उभी असताना सगळे झकास दिसते. उतारावर काय होते त्याचा भरणा मात्र कोणी वेगळा करीत नाही. आमचे मत असे, की अंदाजपत्रकाचे दोन कागद करावेत. एकावर इंजिन, दुसऱ्यावर जोड. दुसऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला तर लाजू नये आणि गिऱ्हाइकाने दचकू नये. "मला फक्त इंजिन बदलून द्या, बाकी राहू द्या," असे म्हणणाऱ्याला हात जोडून परत पाठवावे. रोजावर काम करणाऱ्या कारागिराला ही चैन परवडत नाही, असे आम्हाला सांगण्यात येते. ते खरे आहे. पण एका गाडीचा ब्रेक फेल झाला की नाव त्याच कारागिराचे जाते, मालकाचे नाही.

विक्रीच्या वेळचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. इंजिन बदललेली गाडी मूळ इंजिनाची म्हणून विकणे हा उघड दगा आहे. मालातला ऐब झाकून विकू नये हा दस्तूर आपल्या व्यापाऱ्यांना लहानपणापासून सांगितलेला असतो. तो फक्त कापडाला आणि धान्याला लागू आहे असे कोणी समजू नये. बदललेले इंजिन हा ऐब आहे असेही आम्ही म्हणत नाही. चांगला जोड असेल तर तो गुण आहे. ऐब आहे तो न सांगण्यात. इंजिनाचा नंबर, गिअरबॉक्सची जात, अ‍ॅक्सलचा आकडा, काम कोणी केले आणि कोणत्या साली, एवढे एका कागदावर लिहून मिस्त्रीने सही करावी आणि तो कागद गाडीसोबत फिरावा. सही करायला जो कचरतो त्याने काम कसे केले असेल ते ओळखावे.

जुनी गाडी म्हणजे नेमके काय, याचा एक मजेदार हिशेब ब्रिटनच्या नोंदणी खात्याने वर्षानुवर्षे चालवला. फेरफार केलेल्या गाडीला जुना नंबर टिकवायचा तर चौदापैकी आठ गुण हवेत. त्यात चेसिस किंवा बॉडीचा सांगाडा याला ५, सस्पेन्शनला २, अ‍ॅक्सलना २, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २ आणि इंजिनाला फक्त १! ज्या इंजिनावर आपण जीव टाकतो त्याला सरकारी कारकुनाने एकच गुण दिला. आम्हाला तो कारकून फार शहाणा वाटतो.

आपल्याकडचा कायदा मात्र कडक आहे आणि तो न जाणता काम घेणे म्हणजे विस्तव पदरात घेणे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने दिलेला आणि नोंदणीच्या कागदावर असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा विजेवर गाडी चालवण्यासाठी मान्य झालेली किट बसवणे हा अपवाद. इंजिन बदलले तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. "आरटीओत आपला माणूस आहे" असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम मिस्त्रीने घेऊ नये. तो माणूस बदलून जातो, गाडी राहते. इंजिन घेण्याआधी त्याची पावती आणि ज्या गाडीतून ते निघाले तिचे कागद पाहावेत. नंबर खरडलेले इंजिन कितीही स्वस्त मिळो, दुकानात घेऊ नये.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी विंटेजचे वेगळे नियम काढले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुन्हा नोंदणीला पाच हजार, नंबरात "व्हीए" ही अक्षरे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या एमजीबीत किंवा जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आज दुसरे इंजिन बसेल, तिचा हा दरवाजा बंद होईल. आम्हाला हा नियम अर्धा पटतो. अस्सल गाडीला संरक्षण हवेच. पण जिचे मूळ इंजिन वीस वर्षांपूर्वीच भंगारात गेले आणि जी कोंबड्यांचे खुराडे होऊन पडली आहे, तिला चांगल्या जोडावर पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या कारागिरासाठी कायद्यात तपासणी आणि मंजुरीची सरळ वाट असायला हवी. इंग्लंडमध्ये १९८८ पासून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी मूळ साच्यांवर बनवून मिळू लागली. तिच्याच आधाराने १९९२ साली कंपनीने त्याच घराण्याचे ३.९ लिटरचे इंजिन घालून आरव्ही-एट नावाची गाडी जाहीर केली. दोन हजारांच्या आसपास गाड्या बनल्या, बहुतेक जपानला गेल्या. एका वर्कशॉपवाल्याच्या जोडाचा धंदा वीस वर्षांनी पुन्हा झाला.

जिचे मूळ इंजिन शाबूत आहे अशी गाडी वर्कशॉपात आली, तर आमचा सल्ला एवढाच की तिचा पत्रा कापू नये. नवे इंजिन जुन्याच माउंटिंगच्या जागी, बोल्टवर बसणारे ब्रॅकेट बनवून चढवावे, म्हणजे उद्या मालकाचे किंवा त्याच्या वारसाचे मन बदलले तर सगळे उलटे करता येईल. आणि उतरलेले इंजिन कोणाचे, हे काम सुरू होण्याआधी ठरवावे. उतरलेला माल मिस्त्रीचा, अशी कित्येक गॅरेजांत चाल आहे. क्लचप्लेटपुरती ती ठीक. मूळ नंबराचे इंजिन मात्र मालकाचेच. प्लगच्या भोकांतून तेल सोडून, भोके बंद करून, ग्रीस लावून, वर गाडीचा नंबर रंगवून ते लाकडी पाटावर ठेवावे. मालकाच्या घरी जागा नसेल आणि ते वर्कशॉपातच ठेवायचे असेल, तर जागेचे महिन्याचे भाडे किती, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.